उभ्या गाडीचं इंजिन

ज्या माणसाला घरात कुणी काही सांगत नाही त्याला पाहुणा म्हणतात, आणि आपण आपल्याच घरात पाहुण्या झालो आहोत हे मालकीणबाईंना त्या दिवशी सकाळी कळलं. थोरल्याने गाडी परस्पर नेली, परस्पर तिचं पोट फाडून घेतलं, परस्पर तिच्यात भलतंच इंजिन घातलं, आणि अंगणात आणून वर हॉर्न वाजवला. जशी काही नवरीच उतरवायची होती.

बाई हॉर्न ऐकून बाहेर आल्या. त्यांना जास्त लागलं ते हेच. एरवी गाडी कोपऱ्यावर वळली की त्यांच्या हातातलं काम थांबायचं. भिंतीवरचं घड्याळ थरथरायचं, शेजारणीचं तान्हं रडायला लागायचं, आणि काळा धूर सोडत ती म्हैस गल्लीत शिरायची. ‘म्हैस’ हे नाव मालकांनी ठेवलं होतं. बाई मात्र तिला सवत म्हणायच्या, कारण मालकांनी जितका हात त्या बॉनेटवरून फिरवला तितका बायकोच्या पाठीवरून फिरवल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आज ती सवत दारात येऊन उभी राहिली आणि त्यांना चाहूलही लागली नाही.

“बघ आई,” थोरला केबिनमधून उडी मारून म्हणाला, “आवाज आहे का? शिवणयंत्र चालतंय असं वाटतं.”

“मग कपडे शिवायला बस.”

“अगं, बसचं आहे. अपघातातल्या. मागून ठोकली होती, इंजिनाला ओरखडासुद्धा नाही. जवळजवळ कोरं म्हण.”

“आणि मिस्त्री तिकडे महिनाभर आपल्यासाठी राबतोय ते कशाला? त्याची करमणूक म्हणून?”

थोरला टायरवर लाथ मारून हवा बघत राहिला. हवा भरलेलीच होती.

गाडी म्हणजे बोअरमधून मोटर काढायची गाडी. मागे लोखंडी घोडी, घोडीच्या टोकाला चाक, चाकावरून तारेचा दोर, आणि दोर ओढायला विंच. विंच चालते ती गाडीच्याच इंजिनावर. कुणाच्या बोअरमधली मोटर जळली की ही गाडी जायची, घोडी बोअरवर रोखायची आणि खोल उतरलेले पाइप एकामागून एक वर ओढून शेवटी मोटर बाहेर काढायची. कामाला दोघं लागतात. एक विंचच्या लिव्हरला आणि एक बोअरच्या तोंडाशी. तोंडाशी असतो त्याने पाइप खाली घसरू नये म्हणून त्याला शिकंजा आवळायचा, सांधा पान्याने सोडवायचा, पुढच्या पाइपाला आकडा लावायचा. इंजिनाच्या आवाजात हाक पोचत नाही, म्हणून तो पाइपावर पाना मारतो. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे ओढ, तीन म्हणजे खाली सोड. ठोका पडल्याशिवाय लिव्हर हलवायची नाही, हा या घराचा कायदा होता. मालक लिव्हरला असताना समोरून प्रत्यक्ष यम आला असता तरी त्यांनी त्याला ठोक्याची वाट बघायला लावली असती.

शेवटी यमाने वाट बघितली नाही. गेल्या थंडीत मालक झोपेतच गेले. लिव्हर थोरल्याकडे आली. धाकटा आधीपासून तोंडाशी होता, तो तिथेच राहिला. मग एका कामावर म्हशीने पांढरा धूर सोडला आणि ती बसली. मिस्त्रीने इंजिन खोलून पाहिलं. ब्लॉकला आरपार तडा गेला होता. तेलात पाणी, पाण्यात तेल. मिस्त्री मालकांच्या जुन्या दोस्तीतला. तो हात पुसत म्हणाला होता, “वहिनी, याला आता टाके घालून उपयोग नाही. याच जातीचं दुसरं शोधतो.” आणि त्याने शोधलंही होतं. मोडीत निघालेल्या एका क्रेनचं इंजिन आणून तो नवे पिस्टन, नव्या रिंगा घालत बसला होता.

“किती दिवस वाट बघायची?” थोरला आता आवाज चढवून बोलत होता. “गिऱ्हाइकाच्या घरात पाणी नसतं, आई. तो फोन करतो, आपण निघतो, आणि आपली म्हैस डुलत डुलत पोचेपर्यंत दुसरा कुणी मोटर काढून, हात धुऊन घरी गेलेला असतो. बाबांच्या वेळी गावात ही एकच गाडी होती. लोक थांबायचे. आता कोण थांबतो?”

हे खोटं नव्हतं, आणि म्हणूनच बाईंचा पारा आणखी चढला. खोट्याला झोडपता येतं. खऱ्याचं काय करायचं?

थोरली सून दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, “आई, यांनी तुम्हाला सांगायला हवं होतं हे खरं. पण ते रात्र रात्र जागत होते हो, काम हातचं जातंय म्हणून.”

“तू नवऱ्याची वकिली कर, त्यासाठीच तुला आणली आहे,” बाई म्हणाल्या. पण त्यांचा सूर जरा उतरला होता. मग त्या धाकट्याकडे वळल्या. तो गाडीच्या मागे दोराला ग्रीस लावत होता, भांडण दुसऱ्याच कुणाच्या घरात चाललं असल्यासारखा. “आणि आपण? आपलं काय म्हणणं आहे महाराज?”

“कुठलंही चालेल,” धाकटा म्हणाला.

“कुठलंही चालेल! पोरगी बघायला गेलो तेव्हाही हेच म्हणालास, आणि अजून बिनलग्नाचा आहेस.”

थोरला हसला. धाकटाही हसला, पण त्याने मान वर केली नाही.

उद्या सकाळी पहिलं काम ठरलं होतं. तेही थोरल्याने परस्पर घेतलेलं. बाईंनी चपला घातल्या, धाकट्याला म्हणाल्या, “चल माझ्याबरोबर,” आणि मिस्त्रीच्या गॅरेजची वाट धरली.

गॅरेजमध्ये ते दुसरं इंजिन लोखंडी स्टँडवर उभं होतं. नुकतंच रंगवलेलं. मिस्त्रीला बातमी आधीच कळली होती. तो रागावलेला दिसला नाही, थकलेला दिसला. “ऐकायचंय?” त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता सेल मारला.

इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. जमीन हलायला लागली. बाकावरच्या नट-बोल्टांची ताटली वाजायला लागली. तोच जाड, सावकाश, एकेक घाव मोजून घातल्यासारखा आवाज. बाईंनी पदर तोंडाला लावला. मिस्त्रीला वाटलं, धुरामुळे. मालक गेले तेव्हा त्या चार माणसांसमोर रडल्या नव्हत्या. घर सांभाळायचं होतं, लोक बघत होते. आता या तेलकट छपराखाली त्यांचे डोळे भरून आले, आणि एका इंजिनाने आपल्याला रडवलं याचा त्यांना भयंकर राग आला.

“बंद कर,” त्या म्हणाल्या. “हेच बसवायचं. ठरलं.”

मिस्त्रीने इंजिन बंद केलं. “वहिनी, रागवू नका. आवाज ऐकून ठरवत असाल तर ठरवू नका.”

“मग काय रंग बघून ठरवू?”

“काम बघून. थोरल्याने आणलेलं वाईट नाही. मी बघून आलो. पण ते पळायला केलेलं आहे. रेस दिली, चढलं, की त्याच्या अंगात ताकद येते. खाली, सावकाश असताना त्याच्या हातात काही नसतं. आणि हे,” त्याने त्या रंगवलेल्या लोखंडावर थाप मारली, “हे पळणार नाही. धूर टाकेल, डिझेल पिईल. पण अगदी हळू फिरतानाही भार उचलेल, आणि एका चालीने उचलेल. तुमची गाडी रस्त्यावर कमावत नाही. ती उभी राहून कमावते.”

“हे थोरल्याला सांगितलंस?”

“सांगितलं. तो म्हणाला, काका, लिव्हर माझ्या हातात आहे, मी सांभाळीन.”

बाई यावर काही बोलणार होत्या. पण धाकटा नळावर ग्रीसचे हात धुवायला गेला होता, साबण लावून हात चोळत होता, आणि त्यांची नजर तिथे गेली. डाव्या अंगठ्याला नख नव्हतं. शेजारच्या दोन बोटांची नखं काळीनिळी होती.

“इकडे आण.”

“काय?”

“हात इकडे आण म्हटलं.”

त्याने हात पाठीमागे नेला. एवढा दाढीमिशीवाला माणूस, पण लहानपणी पाटी फोडून आल्यावर उभा राहायचा तसाच उभा राहिला. बाईंनी स्वतःच त्याचं मनगट धरून हात उजेडात ओढला.

“पाना निसटला,” तो म्हणाला.

“पाना तीन बोटांवरून एकदम निसटत नाही. मी काही चंद्रावरून आलेली नाही. तीस वर्षं तुझ्या बापाचे हात बघत आले. त्यांना जखमा व्हायच्या, पण अशा चेचलेल्या नाही. कधी झालं?”

“म्हैस बंद पडायच्या आधी.”

“म्हणजे जुन्याच इंजिनावर.”

मिस्त्रीने पाठ फिरवली आणि उगाचच एक बोल्ट शोधायला लागला.

“बोल,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका हळू झाला होता की धाकटा दचकला. आईचं ओरडणं त्याच्या सवयीचं होतं.

“दादा ठोक्याच्या आधी ओढतो,” तो म्हणाला. “मुद्दाम नाही गं. त्याला घाई असते. पुढचं काम डोळ्यासमोर असतं. माझा हात शिकंज्यात असतो आणि दोर ताणला जातो. म्हशीवर होतं तेव्हा निभायचं. ती हळू ओढते, पाइप हलायला लागला की हात काढायला वेळ मिळतो. एकदाच नाही मिळाला.” तो थांबला. नळ तसाच वाहत होता, त्याने तो बंद केला. “त्या बसच्या इंजिनावर वेळच मिळणार नाही.”

“आणि तू सकाळी म्हणालास, कुठलंही चालेल!”

“काय सांगू? दादा म्हणेल, धाकटा घाबरतो. वहिनी म्हणेल, यांच्यावर आळ घेतो. तू त्याला फाडून खाशील. आणि घरात दोन चुली होतील. बाबांना जाऊन वर्ष नाही झालं.”

बाई परतीच्या वाटेवर एक शब्द बोलल्या नाहीत. ओळखीची दोन माणसं समोरून गेली, त्यांनाही बोलल्या नाहीत. हे गल्लीच्या इतिहासात नोंद करण्यासारखं होतं. त्यांना एका गोष्टीची शरम वाटत होती. सकाळपासून त्या आपल्या मानासाठी भांडत होत्या, दुपारी नवऱ्याच्या आवाजासाठी इंजिन ठरवून मोकळ्या झाल्या होत्या, आणि ज्याची बोटं त्या शिकंज्यात जात होती त्याला त्यांनी टोमणा मारून गप्प केलं होतं. थोरल्याला फाडून खाणं सोपं होतं. पण मग तो म्हणाला असता, आईने धाकट्याची बाजू घेतली. ते वाक्य एकदा घरात शिरलं की बाहेर काढायला कुठलीही विंच पुरत नाही.

अंगणात पोचल्या तेव्हा त्यांचं ठरलं होतं.

“उद्याच्या कामाआधी आज इथे करून बघू,” त्या थोरल्याला म्हणाल्या. “आपल्या बोअरमधली मोटर नाहीतरी कुरकुरते आहे. काढ तुझ्या नव्या इंजिनावर.”

थोरल्याचा चेहरा उजळला. “हे बोललीस! बघच आता.” त्याने गाडी मागे घेतली, घोडी बोअरवर उभी केली, दोर सोडला आणि सवयीने लिव्हरकडे निघाला.

“तिकडे नको,” बाई म्हणाल्या. “तोंडाशी तू. लिव्हरला तो.”

“मी? आई, मी लिव्हरवाला आहे.”

“सुरुवातीला तोंडाशीच होतास. विसरलास असशील तर आठवेल. का, नको?”

सून बघत होती, शेजारीण कुंपणावरून बघत होती. थोरल्याने हसून बाह्या सरसावल्या. धाकटा मात्र आईजवळ आला आणि ओठ न हलवता म्हणाला, “माझ्याकडून काही भलतं करून घेऊ नकोस. ठोक्याशिवाय मी ओढणार नाही.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तसं करायला सांगायचा विचार त्यांच्या मनात येऊन गेला होता, अगदी जिभेवर आला होता. “बापाने शिकवलं तसंच कर,” त्या म्हणाल्या. “त्याहून जास्त नाही, कमी नाही.”

इंजिन सुरू झालं. खरंच शिवणयंत्रासारखं. थोरल्याने आकडा लावला, शिकंजा सैल केला, एक हात सांध्याखाली ठेवला आणि पान्याने दोन ठोके दिले. ओढ.

धाकट्याने लिव्हर ओढली. दोर ताणला गेला. पाइप हलला नाही. इंजिनाचा आवाज खाली गेला, गुदमरला, आता बंद पडतं की काय असं वाटलं. धाकट्याने थोडी रेस दिली. काही नाही. आणखी थोडी दिली. आत कुठेतरी शिट्टीसारखा आवाज चढत गेला, आणि मग ताकद एकदम आली. पाइप बोअरमधून उसळला. शिकंजा त्याच्याबरोबर उचलला गेला आणि परत बोअरच्या तोंडावर आदळला. लोखंडाचा घंटेसारखा आवाज झाला.

धाकट्याने त्याच क्षणी लिव्हर सोडून इंजिन बंद केलं होतं.

थोरला मागे चिखलात बसला होता. सून धावत गेली. त्याने दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले होते आणि बोटं उघडत, मिटत होता. सगळी होती. उजव्या मनगटावर एक ओरखडा होता, त्यातून थोडं रक्त येत होतं.

“अरे, सांगून तरी ओढायचं!” तो धाकट्यावर ओरडला.

“तू दोन ठोके दिलेस, दादा.”

“दिले, पण असं एकदम... हात होता माझा तिथे! हात काढायला वेळ तरी...”

तो मधेच थांबला. त्याची नजर धाकट्याच्या हाताकडे गेली. लिव्हरजवळचा डावा हात, नख नसलेला अंगठा. तो अंगठा त्याने महिनाभर रोज पाहिला असेल. जेवताना, चहा घेताना, गाडी पुसताना. आता तो त्याच्याकडे असा बघत राहिला, जसा तो आत्ता या क्षणी चेचला गेला होता.

“तो माझ्यामुळे?” त्याने विचारलं.

धाकट्याने खांदे उडवले. “झालं ते झालं.”

“बोलला का नाहीस?”

“ठोके देतच होतो की.”

शेजारीण कुंपणापासून मागे सरली आणि घरात निघून गेली. एवढी तमा तिला कधीच नव्हती. सुनेने पदराच्या टोकाने नवऱ्याच्या मनगटावरचं रक्त टिपलं, आणि मग उठून दिराजवळ गेली आणि त्याचा अंगठा हातात घेऊन पाहिला. तिने ओठ दाबून धरले होते.

मालकीणबाई थोरल्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्याने उठायचा प्रयत्न केला. त्यांनी हाताने त्याला बसूनच राहायला सांगितलं. हा त्यांचा पहिला मुलगा. याला झोपवताना त्या कितीतरी वेळ मालकांची वाट बघत, गाडीच्या आवाजाकडे कान लावून बसलेल्या होत्या. पण त्यांनी चेहरा हलू दिला नाही.

“इंजिनाचं आधी सांगते,” त्या म्हणाल्या. “हे वाईट नाही. कुणा पळणाऱ्याला देऊन टाक. उद्याचं काम पुढे ढकल, मिस्त्रीकडचं बसव. तुझ्या बापाचं म्हणून नको बसवू, ते हळू ओढतं म्हणून बसव. गिऱ्हाईक उशिरा पोचलो म्हणून गेलं तर जाऊ दे, लवकर निघायला शीक. आता तुझं. तुला वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. या घरासाठी तूच जास्त पळतोस, हे मला ठाऊक आहे. पण लिव्हर आजपासून त्याच्याकडे, आणि तोंडाशी तू. मी सांगेन तोवर. चार माणसांत तुला लाज वाटेल, वाटू दे. रोज सकाळी तू हात आत घालशील, दोन ठोके देशील, आणि तो थांबून ओढेल. तुझे हात त्याच्यापाशी सुखरूप राहतील रे. त्याचे तुझ्यापाशी राहिले नाहीत.”